लाइनबाईचा कान

टेलिफोन ऑफिसातल्या त्या बाईला खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पगाराच्या कागदावर नाव होतं तेवढंच. बाकी सगळ्यांची ती लाइनबाई. शहरभरच्या तारा एका लांबट खोलीत येऊन लोखंडी चौकटीवर ओळीनं बसलेल्या, आणि चौकटीच्या टोकाला, टेबलाशी, कानाला हेडफोन लावून ही बसलेली. कुणाचा फोन खरखरला, मुका झाला, बोलता बोलता तुटायला लागला, की तक्रार हिच्याकडे यायची. ही त्या लाइनवर क्लिप लावायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "चौथ्या खांबाच्या पुढचा जोड सैल आहे." किंवा, "रस्त्यावरच्या डब्यात पाणी शिरलंय. झाकण मागच्या वेळी तुम्हीच उघडं टाकून आलात, आता तुम्हीच जा." माणसं जायची, बघायची, आणि तसंच निघायचं. बाईला जमिनीतल्या मुंग्यांची कुजबुज ऐकू येते असं ऑफिसात म्हणायचे. बाई म्हणायची, मुंग्यांची नाही, पण तुम्ही माझ्यामागे काय बोलता ते येतं.

तिची रीत सोपी होती. खरखर कुठून येते कळत नसेल तर लाइनीचा एकेक तुकडा सोडवायचा आणि ऐकायचं. डबा सोडवला, खरखर तशीच? मग डबा निर्दोष, पुढे चला. खांबावरची तार सोडवली, खरखर गेली? धरला चोर. एक काढा, बाकी राहू द्या, ऐका. पंचवीस वर्षांत ही रीत एकदाही फसली नव्हती, त्यामुळे जगात शोधून न सापडणारा बिघाड असतो यावर तिचा विश्वासच नव्हता. "आपोआप बरं होईल" म्हणणाऱ्या माणसांचा तिला मनापासून राग यायचा. आपोआप फक्त गंज चढतो, असं ती म्हणायची.

नवरा बेकरीवाला. घरापासून तीन गल्ल्या सोडून छोटी बेकरी, मागे भट्टी, पुढे काचेचं कपाट. माणूस पिठासारखाच, मळाल तसा. पहाटे उठून जायचा, दुपारी येऊन झोपायचा, संध्याकाळी पुन्हा भट्टीवर, आणि बायको बोलत असताना मान हलवायचा. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी विचारायचं सोडून दिल्यावर, त्यांना मुलगी झाली. चालायला लागली ती गोल गोल फिरतच, म्हणून बाबानं नाव ठेवलं भिंगरी. तोंडानंही भिंगरीच. गप्प बसली तर ताप बघावा लागे.

भिंगरी दहा वर्षांची असताना नाक मुरडायला लागली. आधी वाटलं, सर्दी. मग वाटलं, कुणाची तरी नक्कल करते. "माशी बसलीय का नाकावर?" आईनं विचारलं. "बसली असती तर उडाली असती की," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा नाक मुरडलं. दोन महिन्यांनी नाक थांबलं आणि घशातून आवाज यायला लागला. मोठा नव्हे. "हुक्." बंद दाराला कुणी बोटानं एकदाच टकटक करावी तसा. दिवसातून पाच वेळा, मग पन्नास वेळा. मग त्याच्या जोडीला उजवा खांदा वर उडायला लागला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरनं आत सगळं छान आहे म्हणून सांगितलं. कोपऱ्यावरचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "मुलांना होतं असं. लक्ष देऊ नका, आपोआप जाईल."

"आपोआप!" बाहेर पडल्यावर लाइनबाई म्हणाली. "यांच्याकडे फोन असता ना, वीस वर्षं मुका राहिला असता."

मग ऑफिसातल्या कुणाच्या तरी भाच्याची साखर बंद केल्यावर असलंच काही थांबल्याचं तिच्या कानावर आलं, आणि तिचा चेहरा उजळला. साखर! म्हणजे लाइनवर काहीतरी चढत होतं. आपली रीत इथे लावायची कशी एवढाच प्रश्न होता, आता तो सुटला. एक काढा, बाकी राहू द्या, ऐका.

तिनं ऑफिसातल्या तक्रारीच्या कागदांसारखा एक कागद आखला आणि फ्रीजवर चिकटवला. वार, वेळ, काय खाल्लं, आवाज किती, खांदा किती. आणि सुरुवात दुधापासून केली, कारण दूध दिवसात सगळ्यात आधी पोटात जातं. लाइन तपासायची ती आपल्या टोकाकडून.

दूध बंद केल्यावर चौथ्या दिवशी आवाज कमी झाला. आठव्या दिवशी जवळजवळ थांबला. लाइनबाईनं ऑफिसात पेढ्यांसारखी बातमी वाटली. "दूध होतं. सापडलं." बाराव्या दिवशी, शाळेत चाचणी होती त्या सकाळी, भिंगरीचा खांदा जेवणाच्या टेबलाशी तीनदा लागोपाठ उडाला आणि पाण्याचा पेला लवंडला.

"म्हणजे दुसराही फॉल्ट आहे," आई म्हणाली.

साखर गेली. आठवडाभर बरं वाटलं, मग परत सुरू. साखरेपाठोपाठ चॉकलेट, रंगीत गोळ्या, सॉस, पाकिटातलं सगळं. इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग अंडी गेली. मग दाणे. मग टोमॅटो, कारण एका रविवारी टोमॅटो खाल्ल्यावर तासाभरात एकोणीस वेळा आवाज आला होता. कुणीतरी सांगितलेल्या मॅग्नेशियमच्या गोळ्या आल्या. त्यांनी खांदा थांबला नाही, पोट मात्र सुटलं. तीन दिवस मुलगी शाळेऐवजी संडासात. आणि शेवटी एका सुट्टीच्या दुपारी आई म्हणाली, "आता गहू काढून बघू."

बेकरीवाला मान हलवायचा थांबला.

"गहू म्हणजे ब्रेड?"

"गहू म्हणजे ब्रेडच. आणि पोळी, आणि बिस्किटं, आणि केक."

"अगं, पण माझा ब्रेड तर..." तो म्हणाला. रोज दुपारी तो कागदात गुंडाळून पहिल्या घाण्यातल्या ब्रेडचं टोक भिंगरीसाठी आणायचा. टोक तिला आवडायचं, कारण ते चावावं लागतं. त्या दिवशी आणलेलं टोक त्यानं पुन्हा खिशात घातलं.

एक सांगायला हवं. मुलीच्या ताटातून जे जे गेलं ते ते लाइनबाईनं आपल्याही ताटातून काढलं. चहात दूध नाही, साखर नाही. काळं गरम पाणी प्यायची आणि तोंड वाकडं करायची नाही. पोरीनं एकटीनं का सोसायचं? तिचं प्रेम असंच होतं, हिशेबी नव्हे पण शिस्तीचं. ते दिसायचं कमी आणि टोचायचं जास्त.

सात महिन्यांनी भिंगरीच्या ताटात भात, डाळ, उकडलेला बटाटा, भोपळा आणि सफरचंद एवढं उरलं. ती चमच्यानं बटाटा फिरवत बसायची.

"आई, पाण्यावर संशय नाही ना?"

"चावटपणा पुरे. जेव."

"नाही, म्हणजे एकदा नावं सांगून टाक. हवेचं काय?"

"हुक्," लगेच घसा बोलला. आईची नजर घड्याळाकडे गेली आणि हात पेन्सिलीकडे. भिंगरीनं ते पाहिलं. खांदा उडाला. पेन्सिलीनं तेही टिपलं.

मग शाळेतून चिठ्ठी आली. वजनाच्या तपासणीत मुलगी साडेचार किलोनं उतरली होती आणि खेळाच्या तासाला चक्कर येऊन खाली बसली होती. शाळेनंच मुलांच्या मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला होता.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलायला घाई नाही. त्यांनी आईला आधी काहीच विचारलं नाही. भिंगरीला विचारलं, "खांदा उडायच्या आधी काही कळतं का गं तुला?"

"कळतं की. शिंक येणार असते ना, नाकात येऊन उभी असते, तेव्हा आपण काय करू शकतो? तसं खांद्यात येऊन उभं राहतं. उडवला की जातं. मग थोड्या वेळानं परत येतं."

"दाबून धरता येतं?"

"येतं थोडा वेळ. पण मग आत साठतं. मग सगळं एकदम."

लाइनबाई शेजारी बसली होती. सात महिने तिनं प्रत्येक आवाज टिपला होता. आत काय होतं, हे विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

तिनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली ओढला, सगळे कागद टेबलावर एकापुढे एक मांडले, मनापासून बघितले. "इतकी नीट नोंद मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही बघितली नाही," त्या म्हणाल्या. लाइनबाई खुर्चीत जरा ताठ झाली. मग त्यांनी एक पट्टी घेतली आणि 'काय खाल्लं' हा रकाना झाकला.

"आता बघा. वाढतं, कमी होतं, वाढतं, कमी होतं. तुम्ही दूध काढलंत तेव्हा ते उतरणीला लागलेलंच होतं. गहू काढलात तेव्हाही. याची चालच अशी असते, भरती-ओहोटीची. आणि हे चढ बघा. इथे काय होतं?"

"चाचणी."

"इथे?"

"माझ्या बदलीची बोलणी चालली होती. घरात जरा वादावादी..."

"आणि इथे?"

लाइनबाईनं तारीख बघितली. "हा कागद फ्रीजवर लावला तो आठवडा."

डॉक्टरीणबाईंनी कागदांवरची पट्टी उचलली. त्यांनी सरळ सांगितलं. याला टिक म्हणतात. नाक, घसा, खांदा, सगळी एकाच घरची. मुलगी मुद्दाम करत नाही आणि कुणाचं वाईट वळणही नाही. अमुक एक अन्न काढलं की टिक जाते असं आजवर कुणी पक्कं दाखवून दिलेलं नाही. कडक चहा-कॉफी, कोला यांनी काही मुलांना जास्त होतं, ते तसंही मुलांना नकोच. उपाशी पोट, अपुरी झोप, दमणूक, धास्ती यांनी मात्र वाढतं, आणि उपाशी तर तुम्ही तिला ठेवलंच आहे. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन नवावर आलंय. सगळं खाऊ द्या, वेळेवर खाऊ द्या, नीट झोपू द्या. खांद्यात येऊन उभी राहते ती लाट आली की तिला दुसऱ्या हालचालीकडे वळवायचं एक शिक्षण असतं, ते माझी सहायक शिकवेल, त्याला वेळ लागेल. बऱ्याच मुलांचं मोठेपणी बरंचसं ओसरतं, काहींचं राहतं, आणि तीही माणसं चांगली जगतात.

"म्हणजे माझी रीत चुकली," लाइनबाई म्हणाली.

"रीत चोख आहे. पण तार तपासताना तार घाबरत नाही. आणि घरात हे होईल तेव्हा त्याच्याकडे बघू नका."

"मी बघत नाही. मी नोंद करते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. भिंगरी खाली मान घालून हसली.

त्या संध्याकाळी लाइनबाई बाजारात जाऊन सगळं घेऊन आली. दूध, अंडी, दाणे, चीज, टोमॅटो. कागद फ्रीजवरून काढला. पण बाई प्रामाणिक होती तेवढीच हट्टी. कागद फेकला नाही, पर्समधल्या डायरीत घडी करून ठेवला, आणि टेबलाशी भिंगरीच्या बरोबर समोर, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. पेन्सिल नाही. फक्त कान आणि डोळे.

आणि आता नवीनच पंचाईत झाली. खा म्हटलं तर पोरगी खाईना.

"अंडं घे."

"हे चालेल?"

"चालेल म्हणून तर केलंय."

"नक्की? मग उद्या काढणार नाहीस?"

"नाही गं बाई!"

एक घास घ्यायची, आईच्या तोंडाकडे बघायची, आणि ताट सरकवायची. "भूक नाही." पोट बोलत असायचं, ते लाइनबाईला टेबलापलीकडून ऐकू यायचं, आणि मुलगी म्हणायची भूक नाही. पंधरा दिवस झाले. वजनाचा काटा जागचा हलेना. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, महिनाभरात वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून बघावं लागेल. लाइनबाईनं फोन ठेवला.

एका दुपारी ती लवकर घरी आली. नवरा आतल्या खोलीत झोपलेला, न्हाणीघराचं दार बंद, आत नळ जोरात सोडलेला. ती ओरडणारच होती, पाणी काय वाया घालवतेस म्हणून. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. हुक्, हुक्, हुक्, हुक्, मधे दम घेतल्याचा आवाज, खांदा भिंतीला आपटल्याचा, पुन्हा हुक्, हुक्. दिवसभराचं दाबलेलं पोरगी तिथे सोडत होती, आणि वर नळ धरला होता तो आईच्या कानासाठी.

लाइनबाई पाय न वाजवता बाहेर गेली, पायरीवर बसली. दहा मिनिटांनी मुद्दाम किल्ल्या वाजवत आत आली. "आलीस?" भिंगरी टॉवेलनं तोंड पुसत म्हणाली. चेहरा लाल, खांदा स्थिर.

"आले."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यात एक जुनी तक्रार पुन्हा आली. एका म्हाताऱ्या शिंप्याचा फोन तीन आठवडे खरखरत होता. मुलगी परगावी, तिच्याशी बोलायचं तर खरखर मधे. बाईनं त्याचा डबा बदलून घेतला होता, तीन खांबांमधली तार नवी टाकून घेतली होती, फोनसुद्धा बदलून दिला होता. लाइनवर काय चाललंय ते सतत ऐकता यावं म्हणून चौकटीवर त्या लाइनला एक क्लिप कायमची लावून तिची वायर टेबलापर्यंत आणली होती. ऐकलं की खरखर आहेच. रीत हरली होती.

केबल जोडणारे काका चौकटीमागून आले. पुढच्या वर्षी निवृत्त होणारे, बोटांना कायम डांबराचा वास.

"बाई, रागावू नका."

"त्यावर तुम्ही काय सांगता ते अवलंबून आहे."

"शिंप्याच्या लाइनला काही झालेलं नाही. म्हणजे झालं असेल तीन आठवड्यांपूर्वी, डब्यातला जोड, तो तर पहिल्याच दिवशी बदलला. त्यानंतरची खरखर या क्लिपेची आहे. हिचा एक दात गंजलाय. तुम्ही ऐकता म्हणून ती खरखरते. तुम्ही ऐकणं सोडलं की लाइन स्वच्छ."

"काहीतरीच."

काकांनी क्लिप काढली. शिंप्याला फोन लावून रिसीव्हर बाईच्या हातात दिला. "हॅलो?" पलीकडून आलं, इतकं स्वच्छ की म्हाताऱ्यानं टेबलावर कात्री ठेवल्याचा आवाज आला. "अहो, गेली की खरखर! काय केलंत?"

"काही नाही," लाइनबाई म्हणाली. "आम्ही बाजूला झालो."

काकांनी शहाणपणानं वर बघायचं टाळलं. चौकटीच्या वर भिंतीवर रंगवलेली पाटी होती, नव्या माणसांसाठी, दहा वर्षांपूर्वी बाईनं स्वतः रंगवलेली: तपासून झालं की आधी आपली क्लिप काढा.

त्या संध्याकाळी लाइनबाई सरळ घरी गेली नाही. पाय बेकरीकडे वळले. का, ते तिला विचारलं असतं तर तिनं फटकारलं असतं. बेकरीच्या बाजूच्या गल्लीत मागची खिडकी आहे, भट्टीच्या वाफेनं धुरकट झालेली. तिथून तिनं आत पाहिलं.

भिंगरी, जी या वेळी गाण्याच्या वर्गाला असायला हवी होती, पिठाच्या लांब टेबलावर पाय हलवत बसली होती. कोपरापर्यंत पीठ. एका हातात ब्रेडचं टोक, दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं, तोंड भरलेलं आणि तरी बडबड चालूच. नवरा पाठमोरा गोळे करत होता.

"मग बाई म्हणाल्या," भिंगरी तोंडातला घास एका गालात ढकलून सांगत होती, "हुक्, की पृथ्वी फिरते. मी म्हटलं, मी पण. हुक्. सगळा वर्ग हसला."

"बाई हसल्या का?"

"बाई शेवटी हसल्या. बाबा, अजून एक टोक आहे?"

"टोकं एका ब्रेडला दोनच असतात बेटा. तिसरं करायला मला अजून शिकवलेलं नाही कुणी."

खांदा उडाला. पीठ उडालं. बाबानं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, दुसऱ्या ब्रेडचं टोक कापलं आणि न बघताच हात मागे केला. ती खिडकीशी उभी होती तेवढ्या वेळात आवाज सहा वेळा आला, खांदा दोनदा. घरी एवढ्या वेळात तीस होतात. आणि पोरगी खात होती. अधाशासारखी खात होती.

तेवढ्यात भिंगरीनं खिडकीकडे पाहिलं.

हात झटकन पाठीमागे गेला. अंडं टेबलावरून घरंगळलं. नाक, घसा, खांदा, तिन्ही एकदम सुरू झाले, महिन्यांपूर्वी थांबलेलं नाकसुद्धा. काचेतून लाइनबाईला प्रत्येक आवाज ऐकू आला.

ती वळसा घालून पुढच्या दारानं आत आली. नवरा गोळा हातात घेऊन उभा, चोरी पकडल्यासारखा.

"माझीच चूक आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "मीच बोलावतो तिला. गाण्याच्या बाईंना मीच सांगितलं. तू तिला काही..."

"मी नव्हते खात," भिंगरी म्हणाली. तोंडात घास तसाच होता.

लाइनबाईनं एक स्टूल ओढलं. समोर नाही. टेबलाच्या त्याच बाजूला, भिंगरीच्या शेजारी, दोघींची तोंडं भट्टीकडे होतील असं. आणि बसली.

"सगळी टोकं संपवलीत की माझ्यासाठी आहे एखादं?"

भिंगरीनं बाबाकडे पाहिलं. मग बेकरीवाल्यानं सुरी घेतली. कित्येक महिन्यांत बायकोनं त्याचा ब्रेड तोंडाला लावला नव्हता. टोक त्यानं इतक्या घाईनं कापलं की तुकडा वाकडाच आला. "लोणी?" त्यानं विचारलं.

"भरपूर."

ती खात राहिली, समोर भट्टीकडे बघत. शेजारी एकदा हुक् झालं. ती चावत राहिली. पुन्हा झालं. तिनं बोटावरचं लोणी चाटलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय."

"शक्यच नाही!" तो भडकला. आयुष्यात पहिल्यांदा. "माझ्या ब्रेडला मीठ कमी? तुझीच जीभ गेलीय, भोपळा खाऊन खाऊन!"

भिंगरीच्या तोंडातून हसू घासासकट बाहेर आलं. ते आवरायला तिला वेळ लागला, आणि आवरल्यावर पाठीमागचा हात पुढे आला, टोकासकट.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्याशी लाइनबाई थांबली, पर्समधली डायरी काढली, त्यातला घडीचा कागद फाडून टाकला. भिंगरीनं पाहिलं, काही विचारलं नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "मागच्या कागदांची फोटोकॉपी नाही ना ठेवलीस?"

"नाही गं."

"ऑफिसातही नाही?"

"चल आता, पाय उचल."

टिक काही गेली नाही. ते शिक्षण सुरू झालं, दर गुरुवारी. लाट आली की खांदा हळू खाली दाबून श्वास सोडायचा. कधी जमायचं, कधी नाही. परीक्षेच्या आठवड्यात घसा बोलत राहिला, सुट्टीत गप्प झाला, मग डोळे मिचकावायला सुरुवात झाली. लाइनबाईनं डायरी उघडली नाही. तिसऱ्या महिन्यात वजन दोन किलो वाढलं आणि रक्त साडेदहावर आलं. एवढे दोन आकडे तिनं लिहिले, तेही डॉक्टरीणबाईंच्या वहीत.

घरात मात्र एक बदल कायमचा झाला. टेबलाशी तिची समोरची खुर्ची आता नवऱ्याची. ती भिंगरीच्या शेजारी बसते. शेजारी बसलं की चेहरा दिसत नाही, कोपर लागतं. न्हाणीघरातला नळ आता फक्त पाण्यासाठी सुटतो. कान मात्र बंद करता येत नाहीत. त्यांना कुणी झाकण लावून दिलेलं नाही.

परवा जेवताना भिंगरी भातात डाळ कालवत होती. "हुक्." थोड्या वेळानं पुन्हा. लाइनबाईनं सवयीनं तीनपर्यंत मोजलं, मग चौथा मुद्दाम विसरली.

"आई," भिंगरी म्हणाली, "आत्ताचं ऐकलंस?"

"काय गं?"

भिंगरीनं तिरकं बघितलं. आईचा कान तिला ठाऊक होता. रस्त्यापलीकडच्या घरात फोन वाजला तरी या बाईला कळतं कुणाचा.

"काही नाही," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "बटाटा वाढ. दोन."